साडेएकतीस फेरे

३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही म्हणालात फोन करू नका, लिहा, म्हणून लिहितेय. फोनवर तुम्ही दर वाक्याला "काय?" म्हणता आणि मी दर वाक्य ओरडून सांगते. त्यामुळे समोरच्या शिवणवाल्या बाईंना आपल्या घरातलं सगळं पाठ झालंय. परवा जिन्यात त्यांनी मला विचारलं, "मग काढली का तुमच्या दिरांची दाढ?"

विषय मशीनचा आहे. गेल्या वर्षी हे गेल्यावर तुम्ही आमचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन दुरुस्तीला घेऊन गेलात. मोटर जळलीय, तसली आता मिळत नाही, असं तुमचं कार्ड नोव्हेंबरात आलं. तेव्हापासून एकशे बारा तबकड्या कपाटात उभ्या आहेत. आठवड्यातून एकदा त्यांच्यावरून फडकं फिरवते आणि दार लावते. आता नवीन मशीन घ्यायचं ठरवलंय.

दुकानात जाऊन आले. दुकानदार पोरगेला आहे, बोलायला गोड. त्याने आधी एक पेटीसारखं मशीन दाखवलं, हँडल असलेलं, आत स्पीकर, आणि रंग असा की त्यात बांगड्या ठेवाव्यात. दुसरं काळं, सपाट, महाग. तिसऱ्याला बाजूला एक सरकपट्टी होती, वेग कमीजास्त करायची. तो म्हणाला, "आजी, कसलं गाणं ऐकणार?" मी म्हटलं, माझंच. त्याने किमती सांगितल्या.

मला यातलं काही कळत नाही. मला काय हवंय ते तेवढं सांगते. संध्याकाळी खोलीत अर्धा अंधार व्हायचा, दिवा लावावा की नाही अशी वेळ, तेव्हा हे आपलं घड्याळांचं दुकान बंद करून यायचे आणि बूट न काढताच एक बाजू लावायचे. ती संपेपर्यंत आम्ही दोघं बोलायचो नाही. तो अर्धा तास मला परत हवाय. माणूस परत येत नाही एवढं मला कळतं. अर्धा तास येतो का, ते तुम्ही सांगा. तुम्ही आयुष्यभर रेडिओ केंद्रात आवाजच सांभाळलेत.

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

दाढ काढली. बाईंना कळवा.

पेटीवालं मशीन घेऊ नका. त्याचा सुईवाला हात जड असतो, तबकडीच्या रेघेतून सुई नांगरासारखी जाते. दहा वेळा वाजवलीत की गाण्यातला 'स' खरवडून निघतो. सरकपट्टीवालंही नको. ते नाचगाण्याच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्यांसाठी असतं. घरी ऐकायला वेग एकच, मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर एक तृतीयांश. त्यात बोट घालायची सोय नसलेलीच बरी. आपल्या घरात त्याचा अनुभव आहे.

काळं, सपाट, पट्ट्यावर चालणारं घ्या. त्याला लुकलुकणारे दिवे नसावेत, आपोआप काही होऊ नये. हात उचलायला एक छोटा दांडा असला की पुरे. दादाचा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर चांगले आहेत, तेच जोडा. स्पीकर आणि मशीन मात्र एका टेबलावर ठेवू नका. स्पीकर थरथरला की ती थरथर सुईत जाते, सुईतून परत स्पीकरमध्ये, आणि दोघं एकमेकांचं ऐकत बसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेबल. जड हवं आणि पाण्यासारखं सपाट. दुकानदार घरी येऊन लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. एक एक पायरी मी लिहीन, तुम्ही करा.

अर्ध्या तासाचं मला सांगता येत नाही. ते माझ्या कामात कधी आलं नाही.

एक विचारू? तुमचं अक्षर बदललंय. पूर्वी तुमची पत्रं यायची त्यातलं अक्षर गोल, टपोरं, मोजून बसवल्यासारखं होतं. आता ते कुठे गेलं?

तुमचा,
दीर

२ मार्च

भाऊजी,

अक्षराचं काय विचारता. हात थरथरतो आता.

मशीन आलं. काळं, सपाट, तुम्ही सांगितलं तसं. टेबलाची फार शोधाशोध केली. जेवणाचं हलतं, शिवणवाल्या बाईंनी त्यांचं देऊ केलं तर ते शिवणाचं मशीन चालवून चालवून एका बाजूला कललेलं. शेवटी लक्षात आलं की यांचं दुकानातलं कामाचं टेबल घरीच आहे. दुकान सोडलं तेव्हा चौघांनी उचलून आणलं होतं आणि खिडकीखाली ठेवल्यावर यांनी त्याच्या एका पायाखाली काहीतरी सरकवलं होतं. मी त्यावर काठोकाठ पाणी भरून पेला ठेवला. पाणी चारी बाजूंनी सारखं. घड्याळाचं चक्र ज्या टेबलावर सुटं करून ठेवायचं ते टेबल कसं कलेल? मला आधीच सुचायला हवं होतं.

मग आम्ही दोघींनी खोकं उघडलं. बाईंनी कातरीने चिकटपट्टी कापली आणि मला कातरीला हातही लावू दिला नाही. आधी जड थाळी बसवली. रबरी पट्टा थाळीच्या आतल्या कडेवरून मोटरच्या पितळी पुलीवर घ्यायचा होता. तो तीनदा उडाला. चौथ्यांदा बाईंनी दोऱ्याचं रीळ ओवतात तसा ओवला. यांचं भिंग डोळ्याला लावून मी सुई पाहिली. भाऊजी, एवढीशी! तिच्यावर सगळं गाणं उभं राहतं? यांच्या रबरी फुग्याने तिच्यावर एकदा फुंकर घातली. घड्याळात फुंकायचा तोच फुगा. त्यातून अजून तेलाचा वास येतो. मी तो उगाच दोनदा दाबला.

आता अडलंय ते मागच्या वजनाशी. हाताच्या शेपटीला एक गोल वजन आहे, फिरवलं की पुढेमागे जातं. किती फिरवायचं? तबकडी अजून लावलेली नाही. बाई म्हणतात, लावून बघू, काय होतंय. मी म्हटलं, दिरांचं पत्र येईपर्यंत नाही.

तुमची,
वहिनी

९ मार्च

वहिनी,

बरं केलंत, थांबलात.

सुईवरचं झाकण काढा. हात त्याच्या आधारावरून सोडवा आणि बोटाने धरून ठेवा, थाळीवर पडू देऊ नका. आता मागचं वजन थोडं थोडं फिरवा. एक जागा अशी येईल की बोट काढलं तरी हात ना वर जाईल ना खाली. हवेत तरंगेल. घाई करू नका, ती जागा केसाएवढी असते. मग हात परत आधारावर ठेवा, वजन न हलवता त्यावरचं आकड्यांचं कडं फिरवून शून्यावर आणा. आता वजन आणि कडं दोन्ही मिळून पावणेदोनपर्यंत फिरवा. म्हणजे सुई पावणेदोन ग्रॅमनी टेकेल. शेजारच्या छोट्या चकतीवरही तोच आकडा ठेवा. ती हात मध्याकडे ओढला जाऊ देत नाही.

दादाचा वजनाचा छोटा काटा असेल तर सुई त्यावर टेकवून पाहा.

आणि पहिली तबकडी आवडती लावू नका. चुकलं तर वाईट वाटणार नाही अशी लावा.

तुमचा,
दीर

२० मार्च

भाऊजी,

तरंगला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मी एकटीच होते. बोट काढलं आणि हात तिथेच राहिला. खिडकीतून वारा आला तर थोडा हलला आणि परत जागेवर आला. मी बराच वेळ नुसती बघत बसले. काट्यावर पावणेदोन आलं, बरोबर.

तुमचं ऐकून पहिली तबकडी बँडची लावली, मला न आवडणारी. छान वाजली. मग नाही राहवलं. ती लावली, नदीची. तुम्हाला आठवत असेल, निळ्या कव्हरची, मागे सगळी गाणी मोठ्या अक्षरात छापलेली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. एक बाई नावाड्याला म्हणते की पैलतीरी पोचायची मला घाई नाही, वल्हं जरा हळू मार. चाळीस वर्षं हेच गाणं आम्ही शेवटी लावायचो.

काहीतरी चुकलंय. ही ती बाई नाही. आवाज वर चढलाय, कोवळा झालाय, आणि ती घाईत आहे. घाई नाही असं घाईने म्हणतेय! आमची बाई ओळ संपली की थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढे. ही श्वास घेतेय की नाही कळत नाही. गाणं संपलं तेव्हा खोलीत अजून उजेड होता. आमचं संपायचं तेव्हा समोरच्या इमारतीतले दिवे लागलेले असायचे.

मी वजन पुन्हा पाहिलं, पट्टा पाहिला. सगळं तुम्ही सांगितलं तसंच आहे. नवीन मशीन जोरात पळतंय. दुकानदाराकडे नेलं तर तो म्हणाला, "आजी, मस्त वाजतंय." त्याला काय, त्याने ती बाई कधी ऐकलीय?

परत करू का? गेले चार दिवस मी संध्याकाळी काहीच लावलेलं नाही.

तुमची,
वहिनी

२८ मार्च

वहिनी,

परत करू नका. सोबत एक पुठ्ठ्याची गोल चकती पाठवतोय, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा आहेत. ती तबकडीसारखी थाळीवर ठेवा. खोलीतले नवे दिवे बंद करा, दादाच्या टेबलावरची जुनी ट्यूब तेवढी लावा. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते, आपल्या डोळ्यांना दिसत नाही इतकंच. मशीन फिरवा आणि ३३ लिहिलेल्या ओळीतल्या रेघांकडे पाहा. वेग बरोबर असेल तर रेघा फिरत असूनही जागच्या जागी उभ्या दिसतील. पळत असेल तर पुढे सरकतील, मागे पडत असेल तर मागे. काय दिसलं ते कळवा.

तुमचा,
दीर

५ एप्रिल

भाऊजी,

उभ्या आहेत. थाळी फिरतेय आणि रेघा उभ्या. बाईंनाही बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, ही जादू आहे, आणि चहा न घेताच गेल्या.

म्हणजे काय ते लिहा.

वहिनी

१२ एप्रिल

वहिनी,

म्हणजे नवीन मशीन बरोबर आहे आणि जुनं चुकीचं होतं. ते मला माहीत होतं. तुमच्या लग्नाला तिसरं वर्ष चालू होतं तेव्हापासून.

तुम्हाला तो दिवस आठवतो का माहीत नाही, तुम्ही स्वयंपाकघरात होता. मी रेडिओ केंद्रात नुकताच लागलो होतो आणि दोन सहकाऱ्यांना मुद्दाम दादाच्या तबकड्या ऐकवायला घेऊन आलो होतो. घरात मला सगळे कानसेन म्हणायचे, त्याची फार घमेंड होती. पहिल्या ओळीला मला कळलं की गाणं एक पट्टी खाली आहे. मी म्हणालो, "अख्ख्या बाजारपेठेची घड्याळं हा लावून देतो, आणि याच्या घरात गाणंच मागे पडतंय." सगळे हसले. दादाही थोडा हसला. मी म्हटलं, दहा मिनिटं दे, नीट करतो. तो उठला, मशीनचं झाकण लावलं, आणि म्हणाला, "हात लावू नकोस."

दोन परक्या माणसांसमोर, सख्ख्या भावाला. मी दुपारच्या गाडीने निघालो. कारण सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ज्याला एका सेकंदाची चूक चालायची नाही, त्याला स्वतःची चूक कबूल करता येईना, हे मला गिळता आलं नाही. पुढे मी आलो तो लग्नाकार्यापुरता, एका दिवसासाठी.

मग तुमचं पत्र आलं होतं. 'एवढ्याशा गोष्टीवरून येणं थांबवू नका. यांना बोलता येत नाही, पण रविवारी दारात खुर्ची टाकून बसतात.' मी उलट लिहिलं होतं की वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही, तुम्ही मध्ये पडू नका. ज्याला चूक मान्य नाही त्याच्या घरी येऊन मी काय करू. तुम्हाला तसं लिहायला नको होतं. त्याची माफी राहून गेली होती, ती आज मागतो.

तुमच्या कानांना चुकीच्याची सवय झाली आहे. महिनाभर नेमाने ऐका, बरोबर आहे ते बरोबर वाटायला लागेल.

तुमचा,
दीर

३० मे

वहिनी,

दीड महिना झाला, पत्र नाही. मी कडक लिहिलं का? प्रकृती बरी आहे ना, एवढंच कळवा.

दीर

१४ जून

भाऊजी,

प्रकृती बरी आहे. पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं.

तुमची माफी मला घेता येत नाही. ते पत्र मी लिहिलंच नव्हतं. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. वाचताही येत नव्हतं.

लग्न ठरवताना आमच्याकडच्यांनी सांगितलं होतं की मुलगी सातवी झालीय. मी शाळेत दीड वर्ष गेले होते. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात यांनी सकाळी जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवली. मला वाटलं काही महत्त्वाचं असेल, म्हणून ती पेल्याखाली नीट दाबून ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसले. हे संध्याकाळी आले तर मी उपाशी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'दुपारी येत नाही, जेवून घे.' यांनी चिठ्ठी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि खिशात टाकली. जेवायची पानं घ्यायला स्वतः उठले.

दुसऱ्या दिवशी निळ्या कव्हरची तबकडी आणली. मागची बाजू माझ्या मांडीवर ठेवली, माझं बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि सुई टेकवली. बाई गात होती तसं बोट पुढे न्यायचं. पण शब्द पळायचे. मी पहिल्या ओळीत असायची, बाई तिसरीत. मला रडू आलं. यांनी मशीन बंद केलं, सकाळी दुकानात नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. त्या संध्याकाळी बाई माझ्यासाठी थांबायला लागली. काय केलं ते मी विचारलं नाही. मला वाटलं मशीनला तसं सांगता येत असेल.

अशी मी वाचायला शिकले. तीन वर्षं लागली. मी यांना शपथ घातली होती की तुमच्या घरात कुणाला कळता कामा नये. तोवर माझ्या नावाची पत्रं हेच लिहायचे. घड्याळांच्या पाठीवर नावं कोरणारा माणूस, त्यांना हवं तसं अक्षर काढता यायचं. मला कसं अक्षर हवं असं विचारलं होतं. मी म्हटलं, गोल.

तुम्ही हसलात त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते, हातात कपांचा ट्रे. एक वाक्य बोलायचं होतं. मी आत जाऊन कप पुसत बसले. ते आधीच पुसलेले होते. मग यांनी माझ्या नावाने तुम्हाला पत्र लिहिलं, आणि त्याचं उत्तर आलं ते मला वाचूनही दाखवलं, एक शब्द न गाळता. घडी घातली आणि म्हणाले, "त्याचं बरोबर आहे."

नंतर मला चांगलं वाचता यायला लागलं. वाचनालयाची तीन कपाटं संपवली, लोक मला विचारायला लागले की कुठलं पुस्तक नेऊ. मग तर सांगणं अजूनच अवघड झालं. ज्या दिवशी मी पूर्ण कव्हर बोट न लावता वाचून दाखवलं, त्याच आठवड्यात यांनी मशीन साफ करायला म्हणून दुकानात नेलं होतं. मला वाटलं, आता पूर्ववत केलं असेल. कान तसाच ऐकत राहिला. तुमच्या रेघांनी सांगितलं की केलं नव्हतं. का, ते मला कळत नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

दीड महिना याच्याशी भांडले. सांगितलं तर शपथ मोडते, आणि या वयात माझी लाज जाते. नाही सांगितलं तर तुम्ही यांना आपली चूक न कळणारा घड्याळजी समजत राहणार. यांना सगळं कळत होतं, भाऊजी. तुमच्यासमोर यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, माझी होती ती.

आता तुम्ही मला काय समजायचं ते समजा.

वहिनी

२४ जून

वहिनी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मग सुटे भाग ठेवायचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला.

दादाच्या मशीनची पुली त्यात होती. जळक्या मोटरवरून काढून मीच टाकली होती, 'झिजलेली' म्हणून. या वेळी भिंगाखाली पाहिली. झिजलेली नाही. घड्याळाच्या लेथवर नव्या पितळेतून कातलेली आहे, वर आरशासारखी पॉलिश. मोजली, तर मुळापेक्षा शंभरात साडेपाचने बारीक. थाळीचे फेरे होतात मिनिटाला साडेएकतीस. चुकून असं होत नाही, वहिनी. इतकं सफाईचं काम मी आमच्या केंद्रात कुणाकडून पाहिलं नाही. आणि मी त्याला दहा मिनिटांत नीट करून देणार होतो.

दुसरी गोष्ट. मशीनच्या पेटीत आतल्या कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेली कागदाची पुडी होती. जादा स्क्रू असतील समजून मी ती उघडलीच नव्हती. काल उघडली. आत मूळ पुली आहे, तेल लावून ठेवलेली. कागदाच्या आतल्या बाजूला दादाच्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'मूळ पुली. ती म्हणेल तेव्हा.'

कागद सोबत पाठवतोय. तो तुमचा आहे.

तुमची जुनी पत्रं माझ्याकडे आहेत. सगळी काढली. मी परीक्षेत नापास झालो होतो तेव्हा तुम्ही लिहिलं होतं, 'भाऊजी, ज्याचा कान इतका चांगला त्याला गुणांची काय काळजी.' ते मी वर्षभर पाकिटात घेऊन फिरलो. दादा तोंडावर मला कधी चांगलं म्हणाला नाही, निदान वहिनी तरी म्हणते, असं वाटायचं. आणि त्या दुसऱ्या पत्राला मी जे उत्तर लिहिलं, ते दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाने स्वतः वाचलं.

तुम्हाला मी काय समजायचं ते मला एका ओळीत लिहिता येत नाही. वहिनीच समजतो.

माझ्या ओळखीचा एक मोटर बांधणारा आहे, त्याने दादाच्या मोटरची तार पुन्हा गुंडाळून दिली. मला हे नोव्हेंबरातच सुचायला हवं होतं. मशीन तयार आहे. आता वरच्या पट्टीतलं मला काही ऐकू येत नाही, तेव्हा कानसेनाने मत देण्याचे दिवस गेले. दोन पुल्या समोर ठेवल्या आहेत. कुठली बसवू?

दीर

१ जुलै

भाऊजी,

कागद मिळाला. निळ्या कव्हरच्या आत ठेवलाय.

काल संध्याकाळी नव्या मशीनवर नदीचं गाणं लावलं. कव्हर मांडीवर घेतलं आणि पहिल्यासारखं बोट ठेवलं. आता बोट मागे पडत नाही. उलट पुढे जातं आणि बाईची वाट बघतं. ती मला परकी वाटली नाही. ही तीच आहे, फक्त लग्नाआधीची असावी तशी. नवं मशीन मी परत करणार नाही. शिवणवाल्या बाईंनाही त्याचा लळा लागलाय. दुपारी शिवण घेऊन येतात आणि बँडची तबकडी लावायला सांगतात. मला ती अजून आवडत नाही.

का पूर्ववत केलं नाही, याचं उत्तर मिळालं. ते माझी वाट बघत होते. मला वाटलं त्यांनी केलंय, म्हणून मी म्हणाले नाही. त्यांना वाटलं मला अजून हवंय, म्हणून त्यांनी केलं नाही. अशी अडतीस वर्षं आम्ही दोघांनी ते गाणं हळू ऐकलं. मी यावर रडेन असं वाटलं होतं. पण बसल्या बसल्या मला हसूच आलं, आणि खूप दिवसांनी दिवा लावायचं विसरले.

रविवारी मशीन घेऊन तुम्ही स्वतः या. टपालाने पाठवू नका. चार वाजता पोचलात तर पाण्याचा पेला ठेवून टेबल पुन्हा पाहायला वेळ मिळेल. खिडकीजवळची वेताची खुर्ची तुमची. ऐकू कमी येतं म्हणता, तर तळहात टेबलावर ठेवा. जुनं लाकूड आहे, खालचे सूर त्यातून येतात, आणि या बाईचे सगळे सूर खालीच आहेत. बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

रेघांची चकती आणू नका.

पुली बारीकच बसवा. मूळची परत तेल लावून, दुसऱ्या कागदात बांधून, पेटीत त्याच कोपऱ्यात ठेवा. कागदावर तेच लिहा, तुमच्या अक्षरात. मी अजून म्हटलेलं नाही.

तुमची,
वहिनी